योगशिक्षिकेला सर्दी होते का?

"अय्या, तुम्हालासुद्धा सर्दी होते?"

दर डिसेंबरात हा प्रश्न मला कोणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं हो. पण ऐकताना दुकानात भेसळ सापडलेल्या वाण्यासारखं वाटतं मला. जी बाई दुसऱ्यांना प्राणायाम शिकवते, तिचंच नाक वाहतंय!

तर मंडळी, आज त्या वाहत्या नाकाबद्दल. (नागपूरची मावशी, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. लगेच फोन करू नकोस, ही जुनी गोष्ट आहे आणि आता मी ठणठणीत आहे.)

आधी आमच्या धंद्याची थोडी माहिती देते. पुण्यात डिसेंबरच्या शेवटी सूर्य सातनंतर उगवतो आणि माझी पहिली बॅच असते सहाला. म्हणजे ती अख्खी अंधारात. पारा कधी कधी दहाच्या खाली जातो, स्कूटीचं हँडल धरून बोटं बधिर होतात आणि सोसायटीच्या हॉलची फरशी बर्फासारखी असते. गंमत म्हणजे लोकांना व्यायामाचा उत्साह नेमका तेव्हाच येतो. टेकडीवर गर्दी, बागेत गर्दी, आमच्याकडे गर्दी. फेब्रुवारी संपेपर्यंत निम्मे गळतात. त्यामुळे ज्या महिन्यांत शरीर जपायला हवं, तेच आमचे कमाईचे महिने. सुट्टी घ्यायची तर फी परत करायची किंवा बदली तास द्यायचा. तेव्हा माझ्या तीन बॅच होत्या, दोन सकाळी आणि एक संध्याकाळी.

२०२३ च्या डिसेंबरात मी काय करत होते ते सांगते. पावणेपाचला उठून गार पाण्याने अंघोळ. का, तर माझे पहिले गुरुजी करायचे. मग घाईघाईत जलनेती, पाणी धड कोमट झालंय का हेही न बघता. नेतीनंतर नाकात उरलेलं पाणी कपालभाती करून नीट काढायचं आणि लगेच गार वाऱ्यात जायचं नाही, हे मी वर्गात दहादा सांगते. स्वतः मात्र पाच मिनिटांत स्कूटीवर. मग कपाळ जड झालं, घसा बसला, तर नवल काय?

दुसरी गोष्ट पायाची. शिकवताना मी वर्गाकडे तोंड करून उभी असते. त्यामुळे तोंडाने "उजवा पाय" म्हणते आणि स्वतः डावा उचलते, आरशात दिसावं तसं. लोकांची दुसरी बाजू सुरू झाली की मी रांगांमधून फिरत कोणाचा गुडघा बघते, कोणाची पाठ. त्रिकोणासन असो की जानुशीर्षासन, माझी डावी बाजू रोज तीनदा ताणली जायची आणि उजवी कधीच नाही. तीही स्कूटीवरून उतरल्या उतरल्या, अंग गरम न करता, वर बोलत बोलत. त्या डिसेंबरात डाव्या मांडीच्या मागे, अगदी बसायच्या हाडाशी, दुखायला लागलं. शिकवणं म्हणजेच माझा सराव, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. ते तसं नसतं, हे त्या पायाने सांगितलं.

तिसरी गोष्ट तर मला कधी सुचलीच नव्हती. शवासनात सगळे चादरी पांघरून पडतात, कारण शरीर स्थिर झालं की गार पडतं, हे मीच त्यांना सांगितलेलं. आणि तेव्हा घामाने ओला झालेला टी-शर्ट घालून, दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यात दहा मिनिटं उभं कोण? मी!

पण खरं सांगू? या सगळ्यापेक्षा वाईट होतं ते लपवणं. खोकला आला की मी बाहेर जाऊन खोकायचे. बामचा वास येऊ नये म्हणून तो फक्त रात्री लावायचे. पाय दुखत असतानाही वाकून दाखवायचे, चेहऱ्यावर हसू ठेवून. भीती एकच, लोक म्हणतील की हिलाच काही होत असेल तर हिच्या योगाचा उपयोग काय?

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, भोगीच्या आधी दोन दिवस, सकाळी आवाजच फुटेना. बॅच रद्द करायला कोणाला फोनही करता येईना. गेले तशीच. पहिल्या रांगेतल्या सत्तरीच्या काकूंना खुणेनं घसा दाखवला. त्या शांतपणे उठल्या, माझ्या चटईवर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही आज मागे बसा. आम्हाला पाठ आहे सगळं."

आणि खरंच पाठ होतं! काकूंनी माझ्याच शब्दांत, माझ्याच "हळूहळू, घाई नको" सकट तास घेतला. शेवटच्या रांगेत मी कितीतरी वर्षांनी माझ्याच वर्गात शवासनात आडवी झाले. कोणीतरी अंगावर शाल घातली, एवढं आठवतं. पुढचं आठवत नाही, कारण मला झोप लागली. जाग आली तेव्हा दुसरी बॅच दारात उभी होती आणि काकू त्यांना तोंडावर बोट ठेवून गप्प करत होत्या. मी घोरत होते म्हणे. :)

त्या दिवशी कोणी विचारलं नाही की तुम्हालासुद्धा होतं का. उलट भोगीच्या दिवशी तीन घरांतून तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी आलं.

आवाज परत यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात 'हठप्रदीपिका' पुन्हा वाचायला घेतली. योगाचा नाश करणाऱ्या गोष्टींत त्यात अति श्रम, अति बडबड, नियमांचा हट्ट आणि माणसांची गर्दी मोजली आहे. वाचून हसूच आलं, ही तर माझ्या नोकरीची यादी! पुढे त्याच ग्रंथात पहाटेची अंघोळ आणि शरीराला क्लेश देणारे प्रकार टाळायलाही सांगितलं आहे. शिक्षक झाल्यापासून ते मी नुसतं शिकवत होते, वाचत नव्हते.

आता थंडीत माझ्या दोनच बॅच असतात. पैसे कमी मिळतात आणि ते खटकतं, खोटं कशाला सांगू. अंघोळ गरम पाण्याने, तास संपवून घरी आल्यावर. रात्री सांध्यांना आणि तळपायांना तिळाचं तेल. सम तारखेला डावी बाजू दाखवते, विषम तारखेला उजवी. अवघड आसन विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी दाखवतं. थर्मासमध्ये कोमट पाणी असतं, कारण थंडीत तहान लागत नाही पण बोलून घसा तर कोरडा पडतोच. शवासन सुरू झालं की स्वेटर चढवते. आणि दुपारी चाळीस मिनिटं माझी स्वतःची, कोणालाही न शिकवता. ती रोज होतातच असं नाही. पाय पूर्ण बरा व्हायला आठ महिने लागले, म्हणून निदान विसरत तरी नाही.

या डिसेंबरातही एका नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हालासुद्धा सर्दी होते?"

"होते की," मी म्हटलं. "आज तास तू सुरू कर."

असो. तुमच्यापैकी कोणी शिकवणारे असाल, योग, गाणं, गणित काहीही, तर थंडीत स्वतःसाठी काय करता ते नक्की सांगा. आणि मावशी, तू आता फोन केलास तरी चालेल.