लक्झेंबर्गची सकाळची गाडी

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात भाच्याविषयी एक अढी होती. तो लक्झेंबर्गला नोकरी करतो. दरडोई उत्पन्नाच्या यादीत हा देश अगदी वर असतो, वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या आसपास. भारताचा आकडा अडीच हजारांच्या घरात. एवढ्या श्रीमंत देशात राहून ताईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला त्याने निम्मेच पैसे पाठवले, तेही दोन हप्त्यांत. "फार चिकट झालाय," असं सगळ्यांत आधी मीच म्हणालो होतो.

गेल्या मे महिन्यात त्याच्याकडे गेलो, तर घर लक्झेंबर्गमध्ये नव्हतंच. ते सरहद्दीच्या अलीकडे, फ्रान्समधल्या तिओंव्हिल गावी. "मामा, तिकडचं भाडं झेपत नाही," एवढंच तो म्हणाला.

सकाळी त्याच्याबरोबर निघालो. गाडी खच्चून भरलेली. अहमदाबादला अप-डाउन करणारे आपले पासवाले आठवले. फक्त इथे शेंगदाणे आणि पत्ते नव्हते. पाऊण तासाच्या आत देश बदलला, तरी कुणी मान वर केली नाही. पासपोर्टही कुणी विचारला नाही. (ज्याच्या नावाने आपण व्हिसा काढतो ते शेंगेन लक्झेंबर्गमधलंच एक छोटं गाव आहे, हे मला तिथे कळलं.)

उभ्या उभ्या मी त्याला तो सव्वा लाखाचा आकडा ऐकवला. तो हसला. "मामा, तो उत्पादनाचा आकडा आहे, लोकांच्या हातातल्या पैशाचा नाही. देशात वर्षभर जे पिकलं, बनलं, विकलं, त्याला तिथे राहणाऱ्यांच्या संख्येने भागायचं. राहणारे पावणेसात लाखांच्या आसपास. पण फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून रोज दोन लाखांहून जास्त माणसं कामाला येतात. आमचं काम वरच्या आकड्यात धरतात, आम्हाला खालच्या आकड्यात धरत नाहीत."

म्हणजे हा डबा भरून माणसं भागाकारात नव्हतीच! शिवाय तिथल्या बँका आणि फंडांचा बराचसा नफा परदेशी मालकांकडे जातो. ते सगळं वजा करून, रहिवाशांचं राष्ट्रीय उत्पन्न धरलं तर आकडा बराच खाली येतो. तरीही देश श्रीमंतच आहे, यात शंका नाही. 1 मार्च 2020 पासून तिथे बस, ट्राम, रेल्वे सगळं फुकट. पहिल्या वर्गाला तेवढे पैसे पडतात. भाच्याला मात्र फ्रान्सच्या हद्दीतल्या प्रवासाचं तिकीट काढावंच लागतं.

दिवसभर मी एकटा फिरलो. पेत्रूसची हिरवी दरी, तिच्यावरचा अडॉल्फ पूल, पलीकडे किर्शबर्गच्या काचेच्या इमारती. दुपारी भाचा भेटायला आला आणि बाकावर बसून त्याने डबा उघडला. थेपले होते. पहाटे उठून त्यानेच केलेले, कडा जरा जळक्या. हॉटेलात जाऊ या, मी देतो, असं म्हणालो. त्याने ऐकलं नाही.

परतीच्या गाडीत एकच जागा मिळाली. तिथे त्याने मला बसवलं आणि स्वतः दांड्याला धरून उभा राहिला, डोळे मिटून.

रात्री ताईला फोन लावला. तिने विचारलं, "जेवतो ना नीट?" मी हो म्हणालो. मग ऑपरेशनच्या वेळचं माझं बोलणं काढलं, ते चुकलं असं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. "मला ठाऊक होतं रे," म्हणाली, "पण तू ते सगळ्यांसमोर बोलला होतास."