कोचीच्या किनाऱ्यावर सहा तास

आमच्या हिंगोलीपासून समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे कयाधू नदी, नाहीतर येलदरी आणि सिद्धेश्वरची धरणे. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबई ते कोची क्रूझची तिकिटे काढली, तेव्हा शाळेतले सहकारी हसले. "सर, एवढ्या पैशात विमानाने जाऊन आला असता!" त्यांचे म्हणणे खरेही होते. पण हा प्रवास अम्मीसाठी होता.

1967 साली माझे नाना मुंबईहून मुघल लाइन कंपनीच्या जहाजाने हजला गेले. अम्मी तेव्हा बारा वर्षांची होती. त्यांना निरोप द्यायला सगळे घर मुंबईला गेले आणि साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरले. नेमका निघायच्या दिवशी अम्मीला ताप भरला. सगळे बंदरावर गेले, ती मुसाफिरखान्यातच राहिली. जहाज पाहायचे राहून गेले, ते राहूनच गेले. पुढे 1995 मध्ये समुद्रमार्गे हजची वाहतूकच बंद झाली. अम्मी स्वतः हजला गेली ती विमानाने. तरी घरात कधी समुद्राचा विषय निघाला की ती म्हणायची, "आम्हाला कुठे जहाज पाहायला मिळाले!"

जनशताब्दीने मुंबई गाठली आणि संध्याकाळी जहाजात चढलो. अम्मी, माझी पत्नी, आठवीतली मुलगी आणि मी. जहाज कसले, दहा-बारा मजली इमारतच. अम्मीला गाणी, रोषणाई, दुकाने यांत रस नव्हता. फज्रनंतर ती डेकवर खुर्ची घेऊन बसायची आणि तसबीह हातात घेऊन पाण्याकडे पाहत राहायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला कोचीला उतरलो. जहाज लागते ते विलिंग्डन बेटावर. हे बेट निसर्गाने केलेले नाही. शंभर वर्षांपूर्वी रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज अभियंत्याने बंदर खोल करण्यासाठी तळातला गाळ उपसला आणि त्या भरावातून हे बेट तयार झाले. साडेचारच्या आत परत यायचे होते. अम्मीच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही ठरवले की सगळे पाहण्याचा हट्ट धरायचा नाही. टॅक्सी केली आणि फोर्ट कोचीला गेलो.

किनाऱ्यावर प्रसिद्ध चिनी जाळी आहेत. मोठमोठ्या लाकडी वाशांना बांधलेले जाळे पाण्यात सोडायचे आणि थोड्या वेळाने वर घ्यायचे. दुसऱ्या टोकाला दोरांना दगड लटकवलेले असतात, त्यांच्या वजनाने जाळे उचलायला सोपे जाते. तरीही चार-पाच माणसे लागतात. आमच्या विहिरीवरची मोट आठवली. आमच्यासमोर जाळे वर आले, त्यात मूठभर मासे होते. अम्मी म्हणाली, "एवढ्या मेहनतीला एवढेच?" एक कोळी हसला आणि त्याने पुन्हा जाळे सोडले.

तिथून जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. युरोपियनांनी भारतात बांधलेले हे सर्वांत जुने चर्च मानतात. आत छताला लांबलचक कापडी पंखे टांगलेले आहेत, ते पूर्वी बाहेर बसलेली माणसे दोरीने ओढत. एका बाजूला कठडा आणि त्यात जमिनीत बसवलेला एक दगड. वास्को द गामाच्या कबरीचा. 1524 साली तो कोचीतच वारला आणि इथे दफन झाला. 1539 मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. आता फक्त दगड उरला आहे.

मुलगी लगेच पाठ म्हणाल्यासारखी म्हणाली, "1498, कालिकत, भारताकडे येणारा जलमार्ग शोधला." मी मान डोलावली. एकोणीस वर्षे हेच वाक्य मी फळ्यावर लिहीत आलो आहे. पण त्या दगडापाशी मला त्याच्या दुसऱ्या सफरीची आठवण झाली. मी पूर्वी कधीतरी वाचले होते आणि विसरून गेलो होतो.

मी तिला सांगितले. 1502 मध्ये तो पुन्हा आला, या वेळी लढाऊ गलबते घेऊन. मलबारच्या किनाऱ्याजवळ त्याने 'मिरी' नावाचे एक जहाज अडवले. त्यात मक्केहून परतणारे शेकडो प्रवासी होते, बायका-मुलेही होती. त्यांनी जीव वाचवण्यासाठी धनदौलत देऊ केली. बायकांनी आपली लेकरे वर उचलून दाखवली. त्याने ऐकले नाही, जहाज माणसांसह जाळले. हे त्याच्या शत्रूंनी रचलेले नाही. त्याच्याच ताफ्यातल्या तोमे लोपेश या पोर्तुगीज माणसाने हे पाहिले आणि लिहून ठेवले.

अम्मी ऐकत होती. तिने विचारले, "हज करून परत येत होते?"

"हो, अम्मी."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अब्बांचे जहाज परत यायचे होते तेव्हा आई रोज दारात उभी राहायची. तार उशिरा आली, तर दोन दिवस घरात कुणाला जेवण गेले नाही. त्या लोकांच्या घरचेही वाट पाहत बसले असतील ना रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. 1502 हा माझ्यासाठी तोवर एक आकडा होता. अम्मीने त्यात दारात उभी असलेली एक बाई दाखवली.

मुलीने विचारले, "अब्बा, हे तुम्ही वर्गात का नाही सांगत?" तेवढ्यात चर्चमधल्या एका वयस्कर सेवकाने न सांगता अम्मीसाठी खुर्ची आणून ठेवली. अम्मीने त्याला दुआ दिली. पाचशे वर्षांपूर्वीचा गुन्हा त्या माणसाच्या माथी मारता येत नाही, हेही मुलीने तिथेच पाहिले.

पुढे मट्टनचेरीला गेलो. तिथे 1568 सालचे यहुद्यांचे सिनेगॉग आहे. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. आसपास मसाल्यांची दुकाने. मिरी, वेलची, सुंठ यांच्या वासाने गल्ली भरलेली. याच मिरीसाठी अरब, यहुदी, चिनी, गुजराती व्यापारी वास्कोच्या कित्येक शतके आधी या किनाऱ्यावर येत होते. वास्कोलाही आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून एका वाटाड्यानेच इकडे आणले. म्हणजे 'शोध' फक्त युरोपसाठी होता. अम्मीने हळद बोटांवर चोळून पाहिली आणि हळूच म्हणाली, "आपल्या वसमतची चांगली." मिरी मात्र पावशेर घेतली.

कोचंगडीला चेंबिट्टा पळ्ळी ही 1520 सालची मशीद आहे. उतरत्या कौलांची, लाकडी कामाची. जमात होऊन गेली होती. मी एकट्याने प्रवाशाची दोन रकअत जोहर अदा केली. त्या जहाजावरच्या लोकांसाठी दुआ मागितली. अम्मी आणि पत्नीने जहाजावर परतून नमाज पढली.

कुणाला जायचे असेल तर दोन गोष्टी सांगतो. जेवणात हलाल काय आहे ते तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या. आम्ही शाकाहारावर भागवले. आणि किनाऱ्यावर उतराल तेव्हा परतीच्या वेळेआधी तासभर हाताशी ठेवा. आमच्या वेळी दुपारी पाऊस आला आणि रस्ता तुंबला, तरी पावणेचारला पोहोचलो.

सूर्य मावळताना जहाजाने भोंगा दिला आणि धक्का मागे सरकू लागला. अम्मी कठडा धरून उभी होती. "अब्बा गेले तेव्हा असाच वाजला असेल," ती म्हणाली. मी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

सुट्टीनंतर शाळा उघडली. वर्गात फळ्यावर 1498 लिहिले. त्याच्याखाली 1502 लिहिले आणि मुलांना विचारले, "त्या जहाजाची घरी कोण वाट पाहत असेल?"