मानी मुलूख

नकाशे काढण्याची मला लहानपणापासून हौस आहे. मॅट्रिक झाल्यावर चित्रकलेच्या शिक्षकाची पदविका घेतली आणि गावच्याच शाळेत लागलो, तेव्हापासून भूगोलाच्या गुरुजींचे नकाशेही माझ्याच गळ्यात पडत आले आहेत. त्यांत ग्रीसचा नकाशा काढताना मोठी मौज वाटते. दक्षिणेकडचा पेलोपोनीज हा भाग पंजासारखा समुद्रात उतरलेला आहे आणि त्याची तीन लांब बोटे खाली लोंबत आहेत. त्यांतल्या मधल्या बोटाचे नाव मानी. ग्रीक भाषेत त्या नावाचा अर्थ काही का असेना, त्या मुलखाला आणि तिथल्या माणसांना आपला मराठी अर्थच चपखल बसतो. तो मलाही बसतो. म्हणून तर मला तिथे जावे लागले.

माझा धाकटा भाऊ बोटीवर इंजिनीयर. त्याच्या शिक्षणासाठी मी माझे शिक्षण आखडते घेतले, असे आमच्या घरात नेहमी बोलले जाई. बोलणारा बहुधा मीच असे. त्याने मानीतल्या एका मुलीशी लग्न केले आणि कालामाता या बंदराच्या गावी बिऱ्हाड केले. २०११ साली वडील गेले तेव्हा तो भर समुद्रात होता. तेराव्यालाही त्याचे येणे झाले नाही. मग बागेच्या वाटणीचा प्रश्न निघाला, पत्रे गेली, पत्रे आली, आणि शेवटी पत्रेही थांबली. मी तेवढ्यावर थांबलो नाही. एक कादंबरी लिहिली. तिच्यात बाप मेल्यावर ज्याच्या डोळ्यांतून टिपूस येत नाही असा एक धाकटा भाऊ होता. गावात सगळ्यांनी त्याला ओळखले. कादंबरी बरी खपली.

२०१८ च्या पावसाळ्यात आई म्हणाली, “वाटणीच्या कागदावर त्याची सही हवी ना? मग टपालानं कशाला मागतोस? जाऊन आण.” तिकिटाचे पैसेही तिनेच काढून दिले. अशा रीतीने दिवाळीच्या सुट्टीत, पिशवीत एक कागद आणि चकल्यांचा डबा घेऊन, मी कालामाताच्या बसस्थानकावर उतरलो.

“आलास?” तो म्हणाला.

“आलो,” मी म्हणालो. सात वर्षांनंतरचे आमचे संभाषण एवढेच.

कालामातात पवित्र प्रेषितांचे एक जुने, बुटके चर्च आहे. १८२१ च्या मार्च महिन्याच्या २३ तारखेला मानीतले लढवय्ये या गावात शिरले आणि गाव तुर्कांच्या हातून सुटले; ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातले ते पहिले मोठे यश. ज्या चर्चपुढे हा सोहळा झाला ते आपल्या गावच्या मारुतीच्या देवळाहून फार मोठे नाही. मला बरे वाटले. मोठ्या गोष्टी घडायला मोठी जागा लागतेच असे नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीने दक्षिणेकडे निघालो. डाव्या हाताला ताइगेटस पर्वत, सुमारे २४०० मीटर उंच, आणि उजव्या हाताला समुद्र. पहिल्या टप्प्यात सरूची टोकदार झाडे आणि ऑलिव्हच्या बागा होत्या. कोकणातल्या माणसाला परके वाटू नये इतके हिरवे होते. आरेओपोली ओलांडल्यावर मात्र कोणी तरी हिरवा रंग पुसून टाकावा तसे झाले. पुढे दगड, आणि दगडांच्या बांधांमागे पुन्हा दगडच. नदी नाही, ओढा नाही. छपरावरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवायचे आणि तेच वर्षभर पुरवायचे. दहाव्या शतकातला बायझंटाईन बादशहा सातवा कॉन्स्टंटाईन याने लिहून ठेवले आहे की, ही जागा निर्जल आणि दुर्गम आहे, पण तिथे ऑलिव्ह येतो आणि तेवढाच तिथल्या लोकांना आधार आहे. हजार वर्षांनंतरही यात फारसा बदल करावा लागणार नाही. किनाऱ्यावरच्या खडकांच्या खळग्यांत समुद्राचे पाणी वाळते, ते मीठ लोक हातांनी गोळा करतात. एका खाडीचे नावच ‘लाव्यांचे बंदर’ आहे. शरद ऋतूत आफ्रिकेकडे जाणारे लाव्यांचे थवे तिथे दमून उतरत आणि लोक ते पकडून मिठात घालून ठेवीत. नुकताच पहिला पाऊस झाला होता. जिथे माती दिसत नव्हती अशा फटींतून सायक्लेमनची फिकी गुलाबी फुले वर आली होती. मी मोटार थांबवायला सांगितली आणि वहीत दोन फुले काढली. भाऊ काही न बोलता सिगारेट ओढत उभा राहिला.

मग बुरूज दिसू लागले. वाथिया नावाचे गाव एका टेकाडावर आहे. दुरून पाहिले तर मूठभर चौकोनी मनोरे एकमेकांना खेटून उभे आहेत असे वाटते. मी विचारले, “हे कुणाविरुद्ध बांधले? तुर्कांविरुद्ध?”

“शेजाऱ्यांविरुद्ध,” भाऊ म्हणाला. “म्हणजे चुलत्यांविरुद्धच की.”

या मुलखावर तुर्कांना कधीच धड अंमल बसवता आला नाही. त्यामुळे लढायचे ते आपसांत. जमीन थोडी, माणसे मानी. एकाने दुसऱ्याच्या कुळातला माणूस मारला की वैर सुरू होई आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चाले. आपला बुरूज समोरच्याहून एक मजला उंच करायचा आणि वरून त्याच्या घरावर धोंडे टाकायचे. मुलगा झाला की ‘घरात बंदूक आली’ म्हणत. बायकांना कोणी मारीत नसे. त्या गोळीबारातून दारू आणि भाकरी पोचवीत. १८३४ साली नव्या ग्रीक राज्याने हे बुरूज पाडण्यासाठी बव्हेरियन फौजा पाठवल्या. मानीच्या लोकांनी त्यांना पिटाळून लावले.

याच स्वभावाने त्यांना नावलौकिक दिला आणि याच स्वभावाने डागही लावला. इथल्या माव्रोमिखालिस घराण्याचा प्रमुख पेत्रोस, ज्याला पेत्रोबे म्हणत, त्याने १८२१ सालचे बंड उभे केले. स्वतंत्र ग्रीसचा पहिला शासक कापोदिस्त्रियास याने पुढे त्यालाच कैदेत टाकले. तेव्हा पेत्रोबेच्या भावाने आणि मुलाने मिळून ९ ऑक्टोबर १८३१ रोजी नाफ्प्लिओ गावी, संत स्पिरिदोनच्या चर्चच्या दाराशी, कापोदिस्त्रियासचा खून केला. गोळीची खूण म्हणून भिंतीतला एक खळगा अजून दाखवतात. ज्यांनी देश स्वतंत्र केला त्यांनी घराण्याच्या अपमानासाठी देशाचा शासक मारला. हा इतिहास मी वर्गात सांगितला असता तर अखेरीस दोन बोधवाक्ये जोडली असती. वाथियाच्या पायऱ्यांवर भावाशेजारी उभा राहून मला ती सुचली नाहीत.

पण मानीत बुरजांहून जास्त काही असेल तर ती चर्चेस. कॉन्स्टंटाईन म्हणतो की, इथले लोक त्याच्या आजोबांच्या, म्हणजे बादशहा बासिलच्या काळापर्यंत जुन्या ग्रीक देवांनाच भजत होते. रोमन साम्राज्य ख्रिस्ती होऊन पाच शतके लोटली, तरी या दगडांत ती वार्ता नवव्या शतकात पोचली. उशिरा आलेल्या श्रद्धेला फार घाई असते की काय कोण जाणे. पुढच्या तीन-चारशे वर्षांत त्यांनी शेताशेतांत चर्चेस बांधली. बहुतेक इतकी लहान की आत वीस माणसे उभी राहिली तर एकविसाव्याने बाहेर थांबावे. भिंतीत जुन्या देवळांचे संगमरवरी चिरे बसवलेले. आतल्या कमानींना जोडणाऱ्या संगमरवरी तुळयांवर वेली, गाठी आणि मोर कोरलेले. वाम्वाका गावच्या चर्चमधल्या तुळईवर निकितास नावाच्या पाथरवटाने १०७५ साल घातले आहे. आपल्याकडे देऊळ कोणत्या राजाने बांधले ते कळते, पाथरवटाचे नाव कळत नाही. मी त्या तुळईखाली मान वर करून बराच वेळ उभा होतो.

त्या वर्षी दिवाळीचा पाडवा ८ नोव्हेंबरला आला होता. ग्रीक चर्चमध्ये त्याच दिवशी देवदूतांच्या सेनापतींचा, मिखाएल आणि गाब्रिएल यांचा, उत्सव असतो. आरेओपोलीत त्यांचे चर्च आहे. त्याच्या मागच्या अर्धगोल भिंतीवर बारा राशी कोरल्या आहेत. १७ मार्च १८२१ रोजी बंडाचे निशाण इथेच उभारले. त्यावर शब्द होते, ‘विजय किंवा मृत्यू’. इतर ग्रीकांनी ‘स्वातंत्र्य किंवा मृत्यू’ लिहिले, पण मानीवाले म्हणत, स्वातंत्र्य आमच्याकडे आहेच, ते कशाला मागायचे! सकाळच्या प्रार्थनेनंतर पावाचे तुकडे वाटले गेले. मलाही मिळाला. मी तो उजव्या हाताच्या ओंजळीत घेतला आणि सवयीने कपाळाला लावला. भावजयीच्या आईने ते पाहिले.

ही म्हातारी वैधव्याची काळी वस्त्रे घालून दक्षिणेच्या एका लहान गावात राही. तिच्या दाराच्या मागे खिळ्याला एक हातभर लांब किल्ली टांगलेली होती. दुपारी ती किल्ली घेऊन ती आम्हांला शेतातल्या चर्चमध्ये घेऊन गेली. आत अंधार आणि ओल. भिंतीवरचे संत अर्धे पुसलेले, पण त्यांची गेरूची आणि निळी वस्त्रे अजून शाबूत होती. मूर्तिचित्रांपुढे काचेच्या वाटीत ऑलिव्हच्या तेलाचा दिवा तेवत होता. म्हातारीने वाटीत तेल घातले, वात सारखी केली आणि पुटपुटू लागली. त्या पुटपुटण्यात मला माझ्या वडिलांचे नाव ऐकू आले.

मी भावाकडे पाहिले. तो दाराबाहेर गेला होता.

भावजयीने मोडक्या इंग्रजीत सांगितले ते असे. मानीत माणूस मेला की बायका मिरोलोई गातात, म्हणजे मृताला उद्देशून जागच्या जागी रचलेले शोकगीत. जुन्या काळी हीच गीते मुलांना सूड घ्यायला पेटवीत. २०११ साली माझा भाऊ बोटीवरून उतरून इथे आला तेव्हा वडिलांना जाऊन दोन महिने झाले होते. तो कोणाशी बोलेना, जेवेना. म्हातारीने त्याला समोर बसवले आणि एकेक गोष्ट विचारून घेतली. बाप उंच होता की ठेंगू? शेतात काय लावी? हाक कशी मारी? मग तिने केस मोकळे सोडले आणि कधीही न पाहिलेल्या त्या माणसासाठी, त्याच्या आंब्यांसाठी, त्याच्या सायकलीसाठी रात्रभर गायली. तेव्हा कुठे माझा भाऊ रडला. ते पहाटेपर्यंत थांबले नाही. तेव्हापासून दर शनिवारी ती हा दिवा लावताना ते नाव घेते. पाद्रीला विचारलेले नाही. विचारले तर कदाचित नको म्हणेल.

माझ्या कादंबरीतले ते प्रकरण मला शब्दशः पाठ होते.

दुसऱ्या दिवशी भावाने मला मानीच्या अगदी टोकाला, तेनारोनला नेले. ग्रीसच्या मुख्य भूमीचे हे दक्षिण टोक. इथल्या गुहेतून यमलोकात वाट जाते आणि हेराक्लीसने त्यातूनच तिथला कुत्रा ओढून आणला, असे जुने लोक मानीत. इथे पोसायडन या समुद्रदेवाचे स्थान होते. त्याच्या आश्रयाला आलेल्याला हात लावायचा नाही असा नियम होता. स्पार्टाच्या लोकांनी तो मोडला. आश्रयाला आलेल्या गुलामांना बाहेर काढून ठार केले. पुढे स्पार्टात मोठा भूकंप झाला तो याच पापामुळे, असे खुद्द स्पार्टावाले समजत, असे थ्युसिडिडीस लिहितो. आता त्या जागी देवदूतांचे एक पडके चर्च आहे. त्याच्या भिंतीत जुन्या देवळाचे घडीव चिरे स्पष्ट दिसतात.

त्या चिऱ्यांवर आम्ही बसलो. वारा फार होता.

“तू वाचलीस?” मी विचारले.

“वाचली. कालामातात मराठी वाचणारा मी एकटाच. दोनदा वाचली.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “दादा, आंब्याच्या मोहोराचं वर्णन चांगलं केलंयस.”

वैर मिटवण्याची मानीत एक रीत होती. हरलेल्या घराण्याची माणसे शस्त्रे टाकून, मान खाली घालून समोरच्याच्या घरी जात आणि ज्यांची मुले मेली त्यांचे हात चुंबून क्षमा मागत. त्याला ते ‘प्सिखिको’ म्हणत, आत्म्याच्या भल्यासाठी केलेली गोष्ट. मला तेवढेही जमले नाही. मी त्याच्या हातातली सिगारेट घेतली आणि एक झुरका मारून परत दिली. पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतः सिगारेट सोडली होती.

संध्याकाळी मी वाटणीचा कागद बाहेर काढला. म्हातारीने विचारले, हे काय? भावाने सांगितले. ती उठून दिवा लावायला गेली आणि जाता जाता काही तरी बोलली. भाऊ हसला. “म्हणते, त्रेवा आहे.” त्रेवा म्हणजे तह. सणासुदीला आणि ऑलिव्ह उतरवण्याच्या दिवसांत जुने वैरीदेखील बंदुका खाली ठेवीत, कारण पीक कोणासाठी थांबत नाही. “ऑलिव्ह संपेपर्यंत कुठला कागद नाही.”

उरलेले नऊ दिवस मी झाडांखाली जाळ्या पसरल्या, फांद्या झोडपल्या, पाने वेचली आणि पोती शिवली. मानीचे ऑलिव्ह बारीक, करवंदाएवढे. पण घाण्यातून पडणारे तेल हिरवेगार आणि घशाला तिखट लागणारे. माझी निघायची तारीख आली तेव्हा निम्मी झाडे व्हायची होती. कागद पिशवीत तसाच राहिला.

घरी आलो तेव्हा आईने विचारले, “सही केली?”

“नाही. मे महिन्यात येतो म्हणालाय. हे तेल दिलंय.”

२०१९ च्या मे महिन्यात तो आला, आंबे उतरवले आणि गेला. कागदाचा विषय कोणी काढला नाही. बाग अजून एकत्र आहे. कादंबरीतले ते प्रकरण मात्र मला परत घेता येत नाही. ज्यांनी ते वाचले त्यांच्यापैकी काही जण हा अंकही वाचतील, म्हणून एवढे लिहिले.

त्या दिवशी आईने डब्याचे झाकण उघडून तेलाचा वास घेतला. “देवाला चालेल का रे हे?” ती म्हणाली, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता तिने समईत ओतले.