टॅपेटची फट

इंजिनाची ताकद वाढवायची म्हटलं की हौशी मंडळी आधी कॅमशाफ्टकडे वळतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. व्हॉल्व्ह केव्हा, किती आणि किती वेळ उघडा राहणार, हे त्या दांड्यावरच्या उंचवट्यांच्या आकारात ठरून गेलेलं असतं. उंचवटा रुंद केला की वरच्या आरपीएमला सिलिंडर जास्त हवा घेतो. पण इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकदम उघडे राहण्याचा काळही लांबतो. इंजिन हळू फिरत असलं की तेवढ्यात जळका वायू उलटा इनटेककडे शिरतो, आयडलिंग डळमळतं, खालचा पिकअप जातो. तळोद्याहून चांदशैली घाटाने धडगावला किंवा शहाद्याहून तोरणमाळला जाणाऱ्याला हवा असतो तो नेमका हाच पिकअप. वळणागणिक आरपीएम पडतात. शिवाय तोरणमाळची उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास, म्हणजे हवाही समुद्रसपाटीपेक्षा दहाएक टक्के विरळ. ६००० आरपीएमची ताकद तिथे वापरायची कुठे?

म्हणून नंदुरबार जिल्ह्यात गाडीची कुवत मी कॅमपेक्षा टॅपेटच्या फटीवरून जोखीन. कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या जोडणीत मुद्दाम ठेवलेली ही फट एक मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या-दहाव्या हिश्श्याची. फिलर गेजची पाती किंचित घासत सरकली पाहिजे. रॉकर झिजून फट सैल झाली की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, आणि टकटक ऐकून मालक स्वतःच गॅरेज गाठतो. खरी भीती घट्ट फटीची, कारण तिचा आवाजच येत नाही. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर टेकलेला असतानाच हेडमध्ये उतरते. तो पुरता टेकलाच नाही तर कॉम्प्रेशन गळतं आणि कड जळते. सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये रुतत गेला की फट अशीच गुपचूप कमी होते. सीएनजीवरच्या गाड्यांत हे लवकर घडतं. शांत चालणारं जुनं इंजिन म्हणजे निरोगी इंजिन, हा समज म्हणूनच मला पटत नाही.

कोणी म्हणेल, आता कित्येक इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात, फटीचा प्रश्नच उरला नाही. त्या गाड्यांपुरतं ते खरं. स्क्रूने किंवा शिमने फट लावायच्या गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: मारुती जिप्सी वर्षानुवर्षं रॅलीत धावली, तिथे तगडा कॅम का चालतो? कारण रॅलीचा ड्रायव्हर इंजिनाला वरच्या आरपीएमखाली येऊच देत नाही. नवापूरवरून जाणाऱ्या सुरत–नागपूर महामार्गावरही रोजचा चालक टॉप गिअरमध्ये त्या आरपीएमच्या बराच खाली असतो.

आणि कॅम बदलणाऱ्याची फटीपासून सुटका नाहीच. नव्या कॅमचं मूळ वर्तुळ जुन्याइतकंच असेल असं नाही, म्हणून जुनं माप बाद. कॅम बनवणाऱ्याने दिलेलं माप घ्यायचं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडत नाहीत ना, हे बघायला क्रँक हाताने पुरते दोन फेरे फिरवायचा. लॉक नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, तेव्हा पाती पुन्हा एकदा घालून बघायची.