धीर देताना आधी जवळ बस

नांदेड

प्रिय मैत्रिणी,

पत्र मिळालं. लेस्टरच्या तुमच्या वृद्धाश्रमातल्या त्या आजी, नवरा गेल्यापासून दिवस कलला की कासावीस होतात, दारापाशी जाऊन उभ्या राहतात, आणि तुला इंग्रजीतून त्यांना धीर देता येत नाही, म्हणून शब्द कळव म्हणालीस. 'रिलॅक्स', 'डोन्ट वरी', 'काम डाऊन' हे तुझ्या सोबतिणी म्हणतातच आणि आजी आणखी बिथरतात. बिथरणारच गं! हे तिन्ही हुकूम आहेत. घाबरलेल्याला घाबरू नको म्हटलं की त्याला वाटतं, हिला माझं दुःख नकोसं झालंय. त्यापेक्षा 'आय ॲम हिअर विथ यू' म्हण. साधं आहे आणि खरं आहे. पण ते म्हणण्याआधी खुर्ची ओढून शेजारी बस. उभ्या उभ्या दिलेला धीर पोचत नाही.

आपल्याकडच्या बायका कशा भेटायला जातात, आठव. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारीण भाकरी-पिठलं घेऊन येते. दारातूनच हेल काढून रडते, गळ्यात पडते, गेलेल्याचं एकेक आठवून बोलते. आधी 'रड माय, रडून घे', आणि 'उगी, दोन घास खा' ते नंतर. शिकलेल्या लोकांना हे रडणं दिखाऊ वाटतं, मला कधीच वाटलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव त्या घरात मोठ्यानं घेतलं जातं, हे केवढं मोठं आहे!

पण जिथं सगळ्याच घरांवर दुःख कोसळलं, तिथं भाकरी कुणी आणायची? ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गावं नुकती झोपली होती. लातूर-उस्मानाबादकडची किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली गेली. सुमारे आठ हजार माणसं दगावली. धीर द्यायला शेजारीणच उरली नव्हती, असं कितीतरी गल्ल्यांत झालं. मदत देशभरातून आली. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं बाराशेच्या आसपास मुलं शिकायला पुण्याला नेली. तरी वाचलेली माणसं पक्क्या छताखाली झोपायला धजत नव्हती, पत्र्याखाली नाहीतर उघड्यावर अंग टाकत होती. पुढं नवी गावं वसली ती रुंद सरळ रस्त्यांची, घराघरांत अंतर ठेवून. भूकंपाच्या दृष्टीनं ते शहाणपणाचंच, पण भिंतीला भिंत लागलेली शेजारीण लांब गेली. ओट्यावर बसून मन मोकळं करायची सोय मोडली. त्या आखणीत बायकांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी ही गोष्ट आधीच सांगितली असती असं मला वाटतं.

पुढं घरदुरुस्तीच्या कामात मात्र बायकांना विचारलं गेलं, आणि मला तुला सांगायचंय ते हेच. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकारानं हजाराहून अधिक गावांत 'संवाद सहायक' म्हणून गावातल्याच बाया नेमल्या गेल्या. काम काय? अनुदान कसं मिळतं, भिंत कशी बांधली म्हणजे टिकते, हे घरोघरी सांगायचं आणि लोकांचं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत न्यायचं. यात सांत्वनाचा एक शब्द नाही. पण पुढं काय होणार हे ठाऊक नसणं हीच अर्धी भीती असते, आणि ती या बाया घालवत होत्या.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडं गेल्या. गुजराती त्यांची भाषा नव्हे. पण ढिगाऱ्यातून उठून घर पुन्हा उभं केलेली बाई समोर येऊन बसली, की 'यातून निघता येतं' हे वेगळं सांगावं लागत नाही. कुठल्याही परीक्षेनं येणारी ही पात्रता नव्हे.

इकडं २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीकडं धक्के बसले, ते नांदेडलाही जाणवले. म्हातारी माणसं घरात जाईनात. त्यांना 'काही नाही होत' म्हणणं खोटं ठरलं असतं. शेजारच्या पोरानं धक्का केवढा होता, कुठं होता ते वाचून दाखवलं आणि सगळ्यांना चहा दिला. त्यावर माणसं आत गेली.

तेव्हा त्या आजींना रोज दुपारीच सांग, आता चहा, मग औषध, मग जेवण, आणि रात्री अमुक बाई तुमच्याजवळ असेल. दाराशी गेल्या तर ओढून आणू नकोस, बरोबर चार पावलं चाल. आणि नवऱ्याचं नाव विचार. तो काय काम करायचा, संध्याकाळी किती वाजता घरी यायचा, हे त्यांच्या तोंडून येऊ दे. तुझं इंग्रजी अडखळलं तरी चालेल, बोलायचं त्यांनाच आहे.

तुझ्या आईकडं रविवारी जाते. तिचा आवाज तुला फोनवर कसा वाटला, ते मला आधी कळव.

तुझीच