सूर तोच, लय आपली

आमच्या रिहे खोऱ्यात भाताच्या आवणीच्या दिवसांत पाऊस धरला की लाईट जायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी घरात व्हिडिओ गेम आला, तेव्हा त्या जाण्याचं दुःख पहिल्यांदा कळलं. बाहेर खाचरं तुडुंब भरलेली, घरात मारिओ तिसऱ्या-चौथ्या जगात पोचलेला, आणि अचानक पडदा काळा. त्या कॅसेटला काही लक्षात ठेवण्याची सोयच नव्हती. लाईट आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चुलतभाऊ आणि मी तो पहिला टप्पा इतक्या वेळा खेळलो, की त्याचं संगीत देवळातल्या काकडआरतीसारखं अंगात मुरलं.

आज तोच खेळ माझ्या खिशात असतो. अ‍ॅनबर्निक कंपनीचं आरजी३५एक्सएक्स नावाचं यंत्र आहे, पडदा साडेतीन इंची. त्यावर इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, बसवणं आणि तो नीट लावणं हा गेली काही वर्षं माझा रविवारचा उद्योग आहे. मित्र, मेहुणे, भाचरं आपापली यंत्रं आणून देतात. फाईल टाकली की खेळ चालू होतो, हे खरं. पण खेळ चालणं वेगळं आणि तो तसाच चालणं वेगळं. माझं सगळं काम या दोहोंमधल्या जागेत आहे.

सुगी झाली की गावात बहुरूपी यायचे. पोलिसाचं सोंग घेतलेला माणूस दारात उभा राहिला की आजीसुद्धा क्षणभर दचकायची. इम्युलेटर हा असाच बहुरूपी. निंटेंडोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमचं सोंग तो घेतो. त्या मूळ यंत्राचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके मारायचा, कामापुरती मेमरी फक्त २ केबी, चित्र २५६ गुणिले २४० ठिपक्यांचं. आजच्या स्वस्तातल्या स्वस्त यंत्रात याच्या कित्येक पट ताकद असते. तरीही सोंग वठवणं सोपं नाही, कारण त्या डब्यात प्रोसेसर, चित्राची चिप आणि आवाज हे तिघं एकाच वेळी, एकमेकांच्या ठोक्यावर चालत.

मारिओच्या पडद्यावर सर्वांत वर गुणांची पट्टी असते. खालचं जग सरकतं, ती पट्टी जागची हलत नाही. त्यासाठी प्रोग्राम दर चित्राला वाट पाहत थांबतो. पडदा वरून खाली रंगत रंगत पट्टीतल्या छोट्या नाण्याच्या बुडाशी आला, असा इशारा मिळाला की तिथून खालचं चित्र सरकवतो. सोंग घेणाऱ्याचा ठोका किंचित चुकला तरी ती पट्टी थरथरते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. या कामात पैशाच्या जागी वेळ घाला.

ही वेळेची गोष्ट मला फार उशिरा कळली. पहिल्यांदा इम्युलेटरवर मारिओ लावला तेव्हा तो घाईघाईत पळत होता. चाल तीच, पण लय चढलेली. मी सेटिंगमध्ये खूप शोधलं, दोष कुठेच सापडेना. इम्युलेटर बरोबर होता. वेगळा होता तो आमचा जुना डबा.

फॅमिकॉम जपानी, एनटीएससी पद्धतीच्या टीव्हीसाठी बनला, सेकंदाला साठ चित्रं. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला पन्नास. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आमच्या घरी आलेला डबा मूळ निंटेंडो नव्हताच. ती नक्कल होती, पन्नासच्या टीव्हीसाठी जुळवलेली, पण प्रोसेसरचा वेग जवळपास जपानी यंत्राइतकाच ठेवलेली. रशियात १९९२पासून अशाच जातीचा डबा ‘डेंडी’ नावाने विकला गेला. म्हणून एफसीईयूएमएम या इम्युलेटरच्या प्रदेशाच्या यादीत एनटीएससी आणि पाल यांच्या जोडीला डेंडी असाही पर्याय असतो.

मी आधी पाल लावून पाहिलं. लय उतरली, पण सूरही एका पट्टीहून जरा जास्तच उतरला. भजनात टाळ धरून बसणाऱ्या कानाला ते लगेच खटकलं. मग डेंडी निवडलं. सूर होता तिथे राहिला आणि लय संथ झाली. कानात हेडफोन होता, बाहेर पाऊस होता. मला एकदम आमचं जुनं ओटीचं घर आठवलं, डोळे भरून आले.

कानावर भरवसा ठेवून भागत नाही, म्हणून मोजलंही. जुन्या बाजारातून तसलाच एक डबा आणला, नातेवाइकांकडच्या पेटीसारख्या जाड टीव्हीला जोडला. मारिओला पहिल्या टप्प्याच्या सुरुवातीला नुसतं उभं केलं आणि मोबाइलवर सेकंद मोजले. या खेळातलं घड्याळ दर चोवीस चित्रांना एकाने उतरतं. म्हणजे ४००वरून ३००पर्यंत यायला २४०० चित्रं लागतात. साठच्या वेगाने त्याचे ४० सेकंद, पन्नासच्या वेगाने ४८. डब्यावर ४८ आले. डेंडी लावलेल्या यंत्रावरही ४८.

इथे एक किंमत मोजावी लागते. हातातल्या यंत्राचा पडदा साठचा आहे. त्यावर पन्नास चित्रं दाखवायची तर दर पाचवं चित्र दोनदा येतं आणि सरकताना बारीक हिसका जाणवतो. ज्याला गुळगुळीत चित्र हवं त्याला मी साठ लावून देतो. माझ्या स्वतःच्या यंत्रावर मात्र पन्नासच असतं. चित्राची मापं दोघांनाही तीच देतो: पडदा ६४० गुणिले ४८०, म्हणून मूळ चित्र बरोबर दुप्पट करून ५१२ गुणिले ४८०. दोन्ही कडांना काळी पट्टी राहते, ती राहू द्यावी. पडदा भरण्यासाठी ताणलं की काही ठिपके जाड होतात, काही बारीक, आणि विटांची भिंत वेडीवाकडी दिसते.

लाईटीचं दुःखही आता संपलं आहे. कुठल्याही क्षणी खेळ होता तसा जतन करता येतो. पण पुतण्याला मी सांगतो, खड्डा ओलांडण्याआधी दर वेळी जतन करू नकोस. पुन्हा पहिल्यापासून जायच्या भीतीनेच आमच्या बोटांना उडीचं माप कळलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाजारात अशी यंत्रं हजारो खेळ भरून विकली जातात. ते कार्ड मी काढून टाकतो. आपल्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ सॉफ्टवेअरची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ती नष्ट होऊ नये म्हणून, राखीव प्रत काढू देतं. फुकट वाटायला देत नाही. नवे खेळ विकतही मिळतात. मॉर्फकॅट गेम्सने २०१९ साली काढलेला मायक्रो मेजेस पहिल्या मारिओइतक्याच ४० केबीत बसवलेला आहे. पण जुन्यांचं काय? अमेरिकेच्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३मध्ये दाखवून दिलं, की २०१०पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विकत मिळतच नव्हते. खेळांची निदान नोंद तरी झाली. आपल्या घराघरांत जे डबे होते, त्यांची तेवढीही नाही.

म्हणून एक विनंती आहे. माळ्यावर तसला डबा असेल तर भंगारात घालू नका. पुसा, जोडा, मारिओला जागेवर उभं करा आणि घड्याळ लावा. ४००वरून ३००पर्यंत ४८ सेकंद लागले तर कागदावर लिहून डब्यातच ठेवा. तुमच्या लहानपणाची लय त्या आकड्यात आहे, आणि ती लिहून ठेवणारं तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.