जुन्या लॅपटॉपचे घड्याळ
सेकंडहँड लॅपटॉपवरून कार्यालयीन प्रणालीत प्रवेश मिळेनासा झाला, की संशय प्रथम पासवर्डवर जातो. परंतु कित्येकदा दोष मदरबोर्डवरील सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या, नाण्याएवढ्या बॅटरीत असतो, कारण ती संपली की बंद यंत्रातील घड्याळ थांबते आणि तारीख काही वर्षे मागे जाऊ शकते. मग संकेतस्थळाचे प्रमाणपत्र, म्हणजे त्याची ओळख ठरावीक मुदतीपुरती पटवणारा डिजिटल दाखला, ब्राउझरला अवैध वाटते, आणि त्याच लॅपटॉपवर तयार होणारा, सहसा दर ३० सेकंदांनी बदलणारा सांकेतिक अंकही सर्व्हरकडील अंकाशी जुळत नाही. अशा वेळी काटकसरीने यंत्र घेणाऱ्या कर्मचाऱ्याला निष्काळजी ठरवणे सर्वथा अन्यायाचे आहे. पासवर्ड बदलण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख, विशेषतः वर्ष, अवश्य तपासावे.